सेत्स्वाना भाषेत ‘नाही’ कसे म्हणावे

सेत्स्वाना ही बोत्स्वानाची राष्ट्रभाषा आहे, आणि दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या राज्यघटनेने तिला तेथील राजभाषांमध्ये स्थान दिले आहे. ती शिकायला घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यातच ‘मी विकत घेतो’, ‘पाऊस पडतो आहे’ अशी वाक्ये बोलू लागतो. अडखळतो तो ‘मी घेत नाही’, ‘पाऊस पडला नाही’ असे म्हणायची वेळ आली की. याचे कारण असे की या भाषेत नकार हा वाक्याला शेवटी चिकटवायचा एखादा शब्द नसून वाक्याच्या सुरुवातीपासून क्रियापदाच्या शेवटच्या स्वरापर्यंत पसरलेली रचना आहे, आणि ती रचना काळानुसार व वाक्यप्रकारानुसार बदलते.

मराठी माणसाला मात्र हे अवघड जाण्याचे कारण नाही, असे माझे ठाम मत आहे. आपणही एका नकारावर भागवत नाही. ‘पाऊस पडत नाही’, ‘हे पाणी नव्हे’, ‘रडू नकोस’, ‘विसरू नये’, ‘पाऊस पडत नसेल तर’ या पाच वाक्यांत पाच वेगळे नकार आहेत, आणि कोणता कोठे वापरायचा हे आपण विचार न करता ठरवतो. सेत्स्वानातही नेमके हेच करायचे असते: आधी वाक्य कोणत्या जातीचे आहे ते ओळखायचे आणि मग नकार निवडायचा. पुढील सर्व मार्गदर्शन याच क्रमाने केले आहे.

उदाहरणे देवनागरीत देताना मी रोमन वर्तनीचा अक्षरशः पाठपुरावा केला आहे, म्हणजे पाठ्यपुस्तकातील शब्द ओळखणे सोपे जाईल. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी. येथे ‘गा’ असे लिहिलेल्या शब्दाचा उच्चार आपल्या ‘ग’सारखा नसून घशात घासून येणाऱ्या, उर्दूतील ‘ख़बर’मधल्या ‘ख़’सारखा आहे. सर्वाधिक वापरला जाणारा नकार हाच असल्यामुळे त्याचा उच्चार पहिल्या दिवसापासून नीट बसवावा.

वर्तमानकाळापासून सुरुवात

‘रेका’ म्हणजे विकत घेणे. ‘के आ रेका’ म्हणजे ‘मी विकत घेतो’. यातील ‘के’ हा कर्ता दाखवणारा शब्द आहे, आणि मधला ‘आ’ हा क्रियापदानंतर काहीही येणार नसेल तेव्हा वर्तमानकाळात येणारा शब्द आहे. पुढे कर्म आले की तो गळतो, म्हणून ‘मी पाव विकत घेतो’ याला ‘के रेका बोरोथो’ असे म्हणतात.

याचा नकार करताना तीन गोष्टी करायच्या. अगदी सुरुवातीला ‘गा’ ठेवायचा, मधला ‘आ’ असेल तर काढून टाकायचा, आणि क्रियापदाच्या शेवटच्या ‘आ’चा ‘ए’ करायचा. ‘के आ रेका’चे होते ‘गा के रेके’, आणि ‘के रेका बोरोथो’चे होते ‘गा के रेके बोरोथो’. होकारात कर्म असणे आणि नसणे यामुळे पडलेला फरक नकारात उरत नाही. आपल्याकडेही ‘पडतो’चे ‘पडत नाही’ होताना क्रियापदाचा शेवट बदलतोच, तेव्हा ही कल्पना परकी वाटू नये. परका आहे तो क्रम. मराठीत ऐकणाऱ्याला नकारासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबावे लागते. सेत्स्वानात पहिलाच शब्द सांगून टाकतो. म्हणून बोलताना ‘नाही’ असे म्हणायचे आहे हे तोंड उघडण्यापूर्वीच ठरवण्याची सवय लावावी लागते, आणि सुरुवातीच्या चुकांपैकी बऱ्याचशा या सवयीच्या अभावी होतात.

‘इत्से’ (माहीत असणे) हे क्रियापद मुळातच ‘ए’ने संपते, त्यामुळे त्याला बदलण्यासारखे काही नसते: ‘के आ इत्से’ म्हणजे ‘मला माहीत आहे’ आणि ‘गा के इत्से’ म्हणजे ‘मला माहीत नाही’.

होकार आणि नकार शेजारी शेजारी ठेवून पाहायचे असतील तर एक सेत्स्वाना म्हण फार उपयोगी आहे: ‘लेफोको गा ले बोए, गो बोआ मोन्वाना’. शब्द परत येत नाही, परत येते ते बोट, म्हणजे कोणाकडे रोखलेले बोट मागे घेता येते, बोललेला शब्द घेता येत नाही. ‘बोआ’ म्हणजे परतणे. पहिल्या अर्ध्या भागात ‘गा’ आहे म्हणून ‘बोए’, दुसऱ्यात ‘गा’ नाही म्हणून ‘बोआ’. संपूर्ण नियम एका वाक्यात मावला आहे, म्हणून ही म्हण पाठच करावी.

कर्त्याच्या खुणेतील एक बदल

सेत्स्वानात नामांचे वर्ग असतात आणि प्रत्येक वर्गाची क्रियापदाआधी येणारी खूण ठरलेली असते. ‘पुला’ (पाऊस) याची खूण ‘ए’, ‘लेफोको’ (शब्द) याची ‘ले’, ‘बाथो’ (माणसे) याची ‘बा’, ‘मेत्सी’ (पाणी) याची ‘आ’. नकारात या खुणा आहेत तशाच राहतात: ‘मेत्सी गा आ बेले’ म्हणजे ‘पाणी उकळत नाही’, ‘बाथो गा बा रेके’ म्हणजे ‘माणसे विकत घेत नाहीत’.

अपवाद एकच आहे, पण तो रोज भेटतो. एकवचनी माणसाच्या वर्गाची खूण होकारात ‘ओ’ असते आणि ‘गा’नंतर ती ‘आ’ होते. ‘मोथो ओ आ रेका’ म्हणजे ‘माणूस विकत घेतो’. त्याचा नकार ‘मोथो गा आ रेके’. येथे ‘गा ओ रेके’ असे म्हटले तर अर्थ ‘तू विकत घेत नाहीस’ असा होतो, कारण ‘तू’ची खूणही ‘ओ’च आहे आणि ती नकारात बदलत नाही. ‘मोलेलो’ (विस्तव) यासारख्या नामांच्या वर्गाची खूणही ‘ओ’ आहे आणि तीही बदलत नाही: ‘मोलेलो गा ओ तुके’, म्हणजे विस्तव पेटत नाही.

यातून एक गंमत अशी निघते की लिखित सेत्स्वानात नकार हा होकारापेक्षा अधिक स्पष्ट असतो. ‘ओ आ रेका’ हे वाक्य कागदावर पाहिले तर ‘तू घेतोस’ आणि ‘तो घेतो’ हे दोन्ही अर्थ संभवतात. बोलताना ‘तू’चा ‘ओ’ खालच्या सुरात आणि ‘तो’चा ‘ओ’ वरच्या सुरात उच्चारला जातो, पण प्रचलित लेखनपद्धतीत सूर दाखवत नाहीत. 1916 साली सोलोमन प्लाइकी या सेत्स्वाना लेखकाने आणि डॅनिएल जोन्स या ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञाने मिळून ध्वनिलिपीत वाचनपाठ छापले, ते ही भाषा लिहिताना जे निसटते ते कागदावर पकडण्याच्या प्रयत्नातूनच. नकारात मात्र ‘गा ओ रेके’ आणि ‘गा आ रेके’ हे डोळ्यांनाही वेगळे दिसतात. वाचताना कर्त्याविषयी शंका आली तर वाक्य मनातल्या मनात नकारार्थी करून पाहावे आणि संदर्भाला कोणते जुळते ते ठरवावे. ही युक्ती खरोखर उपयोगी पडते.

भूतकाळ: येथे सर्वांत जास्त सावध राहावे

‘के रेकिले’ म्हणजे ‘मी विकत घेतले’. याचा नकार ‘गा के रेकिले’ असा होत नाही. तो होतो ‘गा के आ रेका’. म्हणजे ‘इले’ हा भूतकाळाचा प्रत्यय गळतो, क्रियापद पुन्हा मूळ ‘आ’ने संपणाऱ्या रूपाला येते, आणि कर्त्याच्या खुणेनंतर एक ‘आ’ येतो.

आता ‘के आ रेका’ आणि ‘गा के आ रेका’ ही दोन वाक्ये एकाखाली एक लिहून पाहावीत. दुसरे वाक्य म्हणजे पहिल्याच्या आधी नुसता ‘गा’ लावलेला, असेच दिसते, आणि शिकणारा माणूस साहजिकच ‘मी विकत घेत नाही’ असे म्हणायचे असताना हेच बोलून बसतो. प्रत्यक्षात पहिल्या वाक्यातला ‘आ’ वर्तमानकाळ सांगतो आणि दुसऱ्यातला भूतकाळातील नकार. ‘मी घेत नाही’ म्हणजे ‘गा के रेके’. ‘मी घेतले नाही’ म्हणजे ‘गा के आ रेका’. केवळ ‘गा’ जोडून नकार करण्याची सवय लागली की वर्तमानकाळाऐवजी भूतकाळ बोलला जातो. वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने शुद्ध असल्यामुळे ऐकणारा दुरुस्तही करत नाही, आणि म्हणून ही चूक वर्षानुवर्षे टिकते.

‘त्ला’ म्हणजे येणे. ‘तो आला नाही’ याला ‘गा आ आ त्ला’ असे म्हणतात. येथे दोन ‘आ’ छापील चूक म्हणून आलेले नाहीत: पहिला कर्त्याची बदललेली खूण आहे आणि दुसरा भूतकाळाचा. एक गाळला तर वाक्य मोडते.

पाऊस हे उदाहरण घेऊन सगळे एकदा फिरवून पाहू. पाऊस पडणे याचे क्रियापद ‘ना’ आहे. मराठी डोळ्याला त्यात नकार दिसतो, पण तो तेथे नाही. ‘पुला ए आ ना’ म्हणजे पाऊस पडतो आहे. ‘पुला गा ए ने’, पाऊस पडत नाही. ‘पुला ए नेले’, पाऊस पडला. ‘पुला गा ए आ ना’, पाऊस पडला नाही. ज्या बोत्स्वानाने 1976 मध्ये स्वतःचे चलन काढताना त्याला ‘पुला’ हेच नाव दिले, तेथे ही वाक्ये पाठ्यपुस्तकापुरती राहत नाहीत.

भूतकाळाच्या या रूपाचा आणखी एक उपयोग आहे, आणि येथे मराठी बोलणाऱ्याला आयता लाभ होतो. आपण ‘तो झोपला आहे’, ‘मी थकलो आहे’ असे म्हणतो. क्रिया पूर्ण झाली आणि तिच्यामुळे आलेली अवस्था आत्ता चालू आहे, हा अर्थ आपण पूर्ण झालेल्या रूपातून सांगतो. सेत्स्वानातही तसेच आहे. ‘ओ रोबेत्से’ म्हणजे ‘तो झोपला आहे’, ‘के लापिले’ म्हणजे ‘मी थकलो आहे’. साहजिकच त्यांचा नकारही भूतकाळाच्या पद्धतीने होतो: ‘गा आ आ रोबाला’ म्हणजे ‘तो झोपलेला नाही’, ‘गा के आ लापा’ म्हणजे ‘मी थकलेलो नाही’. क्षणोक्षणी कानावर येणारे ‘गो सियामे’ (ठीक आहे) हेही मुळात असेच पूर्ण झालेले रूप आहे, म्हणून ‘ठीक नाही’ याला ‘गा गो आ सियामा’ असे म्हणतात.

‘अजून नाही’ आणि ‘होणार नाही’

‘पडला नाही’ आणि ‘अजून पडलेला नाही’ यांत आपण जो भेद करतो तो सेत्स्वानात वेगळ्या रचनेने होतो. ‘गा’, मग खूण, मग ‘इसे’, मग पुन्हा तीच खूण, आणि शेवटी ‘ए’ने संपणारे क्रियापद: ‘पुला गा ए इसे ए ने’, पाऊस अजून पडलेला नाही. ‘गा आ इसे आ त्ले’, तो अजून आलेला नाही. गोष्ट अजून होऊ शकते असे वाटत असेल तर हीच रचना वापरावी. साधा भूतकाळी नकार तेथे विषय संपल्यासारखा ऐकू येतो.

भविष्यकाळात ‘पुला ए त्ला ना’ म्हणजे ‘पाऊस पडेल’. नकारात ‘त्ला’ राहत नाही. बोत्स्वानात बोलताना सर्रास ‘पुला गा ए ना गो ना’ असे म्हणतात. ‘गो ना’ म्हणजे ‘पडणे’, आणि ‘गा ए ना’ म्हणजे ‘त्याच्याजवळ नाही’. मराठीतले ‘पाऊस काही पडायचा नाही’ हे वाक्य आठवले की रचना चटकन समजते. दुसरी रचना ‘पुला गा ए कित्ला ए ना’ अशी आहे. तीत खूण दोनदा येते आणि क्रियापद ‘आ’नेच संपते. शक्यतेचा नकारही याच धर्तीवर चालतो: ‘रे का रेका’ म्हणजे ‘आपण घेऊ शकतो’, आणि ‘गा रे काके रा रेका’ किंवा ‘रे का से रेके’ म्हणजे ‘आपण घेऊ शकत नाही’.

‘आहे’चा नकार

ओळख सांगणाऱ्या वाक्यात, जेथे मराठीत ‘नव्हे’ शोभते, तेथे ‘गा से’ येतो. ‘के मेत्सी’, हे पाणी आहे. ‘गा से मेत्सी’, हे पाणी नव्हे. ‘मी’ कर्ता असेल तर मात्र ‘गा के’ हीच रचना राहते: ‘गा के मोत्स्वाना’, मी मोत्स्वाना (म्हणजे बोत्स्वानाचा माणूस) नाही. येथेही नकार होकारापेक्षा स्पष्ट आहे, कारण ‘के मोत्स्वाना’ या लिखित वाक्याचा अर्थ सुराप्रमाणे ‘मी मोत्स्वाना आहे’ किंवा ‘हा मोत्स्वाना आहे’ असा होतो, तर नकारात ‘गा के’ आणि ‘गा से’ असे दोन वेगळे शब्दच येतात.

जवळ असणे सांगताना ‘ना ले’ वापरतात, आणि नकारात त्यातला ‘ले’ गळतो. ‘के ना ले मेत्सी’, माझ्याजवळ पाणी आहे. ‘गा के ना मेत्सी’, माझ्याजवळ पाणी नाही. ‘गो ना ले मेत्सी’, पाणी आहे. ‘गा गो ना मेत्सी’, पाणी नाही. हा ‘ले’ नकारातही ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. एखादी व्यक्ती किंवा वस्तू ठरलेल्या जागी हजर नाही असे सांगायचे असेल तर ‘यो’ वापरावा: ‘गा आ यो’, तो येथे नाही.

‘गा’ जेथे चालत नाही

आतापर्यंतची वाक्ये स्वतंत्र होती. वाक्य दुसऱ्या वाक्यावर अवलंबून असले की ‘गा’ हटतो आणि क्रियापदाच्या अगदी जवळ ‘सा’ येतो. क्रियापद ‘ए’ने संपते. मराठीत ‘नाही’ जाऊन ‘नसेल’, ‘नसलेला’, ‘न’ येतात त्याच जागा या. ‘फा पुला ए सा ने’ म्हणजे ‘पाऊस पडत नसेल तर’. ‘मोथो यो ओ रेकांग’ म्हणजे ‘विकत घेणारा माणूस’ आणि ‘मोथो यो ओ सा रेकेंग’ म्हणजे ‘विकत न घेणारा माणूस’. भूतकाळात चालू असलेली क्रिया ‘ने’ या साहाय्यक शब्दाने सांगतात, आणि त्याच्या मागून येणारे क्रियापदही अवलंबून मानले जाते, म्हणून ‘पाऊस पडत नव्हता’ याला ‘पुला ए ने ए सा ने’ असे म्हणतात. यातला पहिला ‘ने’ साहाय्यक आहे आणि शेवटचा ‘ना’ या क्रियापदाचे नकारार्थी रूप. ‘आहे’ या अर्थाच्या वाक्यांना अवलंबून जागी ‘सा’ऐवजी ‘से’ लागतो: ‘फा गो से ना मेत्सी’, पाणी नसेल तर.

‘सा’ पाहिला की नकारच आहे असे मात्र समजू नये. ‘अजून’, ‘तोवर’ या अर्थाचाही एक ‘सा’ आहे. ‘लोरे लो ओज्वा लो सा ले मेत्सी’ ही म्हण मुलांना वळण लहानपणीच लावावे या अर्थाने वापरतात: काठी ओली आहे तोवरच वाकवली जाते. येथे ‘सा’ला नकार मानले तर ‘ओली नसताना’ असा नेमका उलटा अर्थ लागतो. ओळखण्याची खूण शेवटच्या स्वरात आहे: ‘के सा रेका’ म्हणजे ‘मी अजून घेतोच आहे’, नकारार्थी ‘सा’नंतर मात्र ‘रेके’ येते.

‘नको’ आणि ‘नये’

आज्ञेचा नकार ‘से’ने होतो आणि क्रियापद ‘ए’ने संपते. ‘से लेले’ म्हणजे ‘रडू नकोस’. अनेकांना सांगायचे असेल तर ‘से लेलेंग’, म्हणजे ‘रडू नका’. अधिक सविस्तर रचना ‘से का’ची आहे: ‘ओ से का वा लेबाला’, विसरू नकोस; ‘लो से का ल्वा लेबाला’, विसरू नका; ‘रे से का रा लेबाला’, आपण विसरू नये. हेतू सांगताना पुन्हा साधा ‘से’ पुरतो: ‘गोरे के से लेबाले’, मी विसरू नये म्हणून.

क्रियापद ‘आ’ने संपवायचे की ‘ए’ने, असा प्रश्न पडला तर मी स्वतः एक कसोटी लावतो. नकाराचा शब्द आणि क्रियापद यांच्यामध्ये कर्त्याच्या खुणेखेरीज काही नसेल तर ‘ए’. भूतकाळाचा ‘आ’, ‘कित्ला’, ‘काके’, ‘से का’ यांसारखे काही मध्ये आले तर ‘आ’. ‘इसे’ तेवढा या कसोटीत बसत नाही, तो वेगळा लक्षात ठेवावा.

‘काहीच’, ‘कोणीच’ आणि उत्तर देण्याची रीत

‘सेपे’ (काहीच), ‘ओपे’ (कोणीच), ‘गोपे’ (कुठेच) हे शब्द नकारार्थी वाक्यात वावरतात आणि क्रियापदाचा नकार त्यांच्यामुळे गळत नाही. ‘गा के इत्से सेपे’, मला काहीच माहीत नाही. ‘गा के बोने ओपे’, मला कोणीच दिसत नाही. ‘गा के ये गोपे’, मी कुठेच जात नाही. मराठीची घडण हीच असल्यामुळे येथे थांबण्याचे कारण नाही.

सुट्या ‘नाही’ला ‘न्न्याआ’ असे म्हणतात. नुसता ‘न्न्याआ’ तोडून टाकल्यासारखा वाटतो, म्हणून त्यापुढे पुरुषाला ‘रा’ आणि स्त्रीला ‘म्मा’ हे आदरार्थी संबोधन जोडावे, आणि मग पूर्ण वाक्य बोलावे. एखाद्या बाईंनी ‘आ पुला ए नेले?’ म्हणजे ‘पाऊस पडला का?’ असे विचारले आणि आकाश अजून भरलेले असेल, तर उत्तर असे द्यावे: ‘न्न्याआ, म्मा, गा ए इसे ए ने.’